आधी पिन, मग बोटं

ये, आत ये. ती बॅग भिंतीला उभी टेकवू नकोस, कॉटवर आडवी ठेव. आणि आधी डोळे पूस. मिरचीमुळे पाणी आलंय असं मला सांगू नकोस. मे महिना आहे, खाली मसाल्याची डंकनं धडधडतायत, अर्धं लालबाग शिंकतंय, सगळं कबूल. पण मिरचीने आधी नाक गळतं, मग डोळे. तुझं नाक कोरडं आहे.

चहा घे, आत्ताच गाळलाय. आता नीट सांग, फोनवर मला अर्धंच कळलं. काळाचौकीला हळद होती. पहिली तीन गाणी झाली तरी बास कुणाला ऐकूच येईना. तू व्हॉल्यूमचे दोन्ही नॉब पूर्ण उघडलेस, तरी तेच. मग चौथ्या गाण्याआधी गायक माइकवर म्हणाला, "बासवाल्या मॅडमचा आज उपास आहे वाटतं!" आणि सगळा मांडव हसला. एवढंच ना? आणि परत येताना टॅक्सीत कीबोर्डवाल्याने अक्कल शिकवली, की हा पॅसिव्ह बास आहे, ह्यात दम नसतो, विकून टाक आणि बॅटरीवाला ॲक्टिव्ह घे. तू लगेच आज सकाळी ओएलएक्सवर फोटो टाकायला बसलीस.

फोटो काढ तिथून. आधी काढ, मग पुढचं बोलू.

त्या कीबोर्डवाल्याला सांग, फेंडर कंपनीने प्रिसिजन बास १९५१ साली काढला आणि जॅझ बास १९६० साली. दोन्हींच्या पोटात बॅटरी नाही. बॅटरीवरचा प्रीॲम्प घेऊन म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला तेव्हा १९७६ उजाडलं होतं. म्हणजे मधली पंचवीस वर्षं दुनिया काय उपाशी नाचत होती का? आजही ते दोन्ही बास तसेच विकले जातात, बॅटरीशिवाय. दम नसता तर कुणी हात लावला असता?

आता माझं ऐक, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. ह्याच कॉटवर बसून मीही रडलेय. १९९६चा गणपती. ऑर्केस्ट्रात लागून मला दोन वर्षं झाली होती. मुलगी बास वाजवते म्हणून लोक बघायला यायचे, ऐकायला नव्हे, ते आम्हालाही माहीत होतं. एका कार्यक्रमात मध्येच माझा आवाज निम्म्यावर आला. निम्मा म्हणजे अगदीच गेला नाही, हाच घोळ. पूर्ण गेला असता तर कुणीही म्हणालं असतं, वायर तुटली. निम्मा राहिला तेव्हा मला वाटलं, आपलीच बोटं कमी पडतायत. दुसऱ्या दिवसापासून मी तारा अशा ओरबाडायला लागले की तीन बोटांना फोड आले. वाजवणारा मुलगा असता ना, तर त्याने पहिली शिवी ॲम्पला घातली असती. आपण पहिला संशय स्वतःवर घेतो. तूही काल तेच केलंस. खोटं बोलू नकोस, उजव्या हाताचं मधलं बोट दाखव बघू. हे काय आहे मग?

पुढे ऐक. मी एका रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने वर वर बघितलं, पिकअप गेला म्हणाला, नवा घातला, पैसे घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बाबा तेव्हा इथे, ह्या खिडकीशी स्टुलावर बसायचे. इतके दिवस गप्प होते. त्या दिवशी म्हणाले, "पिन हलवून बघितलीस का?" मी नव्हती बघितली. बाबांनी बासमध्ये घातलेली पिन अंगठ्याने नुसती एका बाजूला दाबली आणि आवाज धाडकन पूर्ण आला. जॅकचा बाहेरचा नट सैल होता. दर वेळी पिन घालताना आतला आख्खा जॅक फिरायचा, त्याची वायर पिळत पिळत दोन केसांवर आली होती. नवा पिकअप आणि तीन फोड, एका नटापायी.

तेव्हापासून आधी पिन बघते मी. बोटांचा विचार सगळ्यात शेवटी.

बाबांना हे कुठून माहीत? गिरणीत होते ते, जॉबर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मग गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा काही उघडली नाही. हातात कसब होतं म्हणून आधी रेडिओ दुरुस्त करायला लागले, मग गल्लीतल्या पोरांचे बँजो. गणपतीच्या आधीचे दोन महिने ह्या दहा बाय बाराच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, कॉटखाली बँजो, कपाटावर बँजो. आता तू बँजो म्हणतेस तो खरा बँजो नव्हे, माहितीये ना? अमेरिकेतला बँजो कातडं ताणलेला, गोल. आपला तो बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोयाला मोरिता गोरो नावाच्या माणसाने १९१२ साली ताइशोगोतो म्हणून वाद्य काढलं, एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. ते वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, आणि मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप लावून थेट मिरवणुकीत आणलं. रवी जाधवांनी २०१६ साली 'बँजो' सिनेमा केला तो ह्याच बँजो पार्ट्यांवर. चिंतामणीचं आगमन असो की कुणाची हळद, ताशाच्या वर जी धून ऐकू येते ती एवढ्याशा पिकअपमधून निघते.

आणि तो पिकअप आणि तुझ्या बासचा पिकअप, दोघे सख्खे भाऊ. लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बस. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज उठते, व्होल्टच्या दशांशातली. ती नॉबमधून, जॅकमधून, वायरमधून ॲम्पपर्यंत चालत जाते. वाटेत तिला धक्का द्यायला कुणी नाही. पॅसिव्हचा अर्थ तेवढाच. आता मला सांग, घरातून एक वाटी दूध निघालं आणि देवळात पाव वाटी पोचलं, तर तू गाय विकायला काढशील की वाटी कुठे हिंदकळली ते बघशील?

बाबा नेहमी बाहेरून आत यायचे. आधी स्पीकर, मग ॲम्प, मग वायर, मग जॅक आणि सर्वांत शेवटी स्क्रूड्रायव्हर. रिपेअरवाला उलटा, आधी पेचकस हातात घेणार. तर काल ॲम्प कुठला होता? हॉलवाल्याचा. त्याला पुढे दोन सॉकेट होती, एकावर ॲक्टिव्ह लिहिलेलं आणि एकावर पॅसिव्ह? आणि तू पिन कशात घातलीस?

वाटलंच मला.

नाही गं, हसत नाहीये. सगळे तेच करतात. ॲक्टिव्ह म्हटलं की वाटतं ह्यात जोर असणार, पॅसिव्ह म्हणजे काहीतरी मरगळलेलं. उलट आहे सगळं. बॅटरीवाल्या बासचा आवाज आधीच फुगलेला असतो, तो ॲम्पच्या तोंडावर आदळून फाटू नये म्हणून त्या सॉकेटच्या मागे आवाज मुद्दाम कापलेला असतो. साधारण दहा ते पंधरा डेसिबल. व्होल्टेजच्या भाषेत तुझा सिग्नल एक-तृतीयांश होतो, कधी एक-षष्ठांश. म्हणजे तुझी वाटी दारातच सांडली. काही ॲम्पवर दोन सॉकेट नसतात, एक छोटं बटण असतं, त्यावर पॅड किंवा ॲक्टिव्ह लिहिलेलं असतं. ते बाहेर असू दे. काल ते नॉब उघडण्याऐवजी पिन चार इंच बाजूला सरकवली असतीस तर मांडवाला हसायला मिळालं नसतं.

थांब, एवढ्यावर झालं असं समजू नकोस. तू म्हणालीस की नंतर साउंडवाल्याने पिन काढून सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये घातली आणि आवाज आला पण गोधडीखालून आल्यासारखा. तो वेगळा आजार. त्यासाठी आपल्या चाळीतला नळ आठव. पहाटे पाणी येतं तेव्हा पहिल्या मजल्यावर एकच तोटी उघडी असली तर तिसऱ्या मजल्यावर आपल्याकडेही धार लागते. खाली सगळ्यांनी तोट्या सोडल्या की आपल्याकडे थेंब. तुझा पिकअप म्हणजे तो तिसऱ्या मजल्याचा नळ, दाब मुळात कमी. बास ॲम्पचं सॉकेट त्याच्याकडून जवळजवळ काहीच ओढत नाही, त्याचा रोध दहा लाख ओहमच्या घरात. मिक्सरची लाइन म्हणजे खाली सगळ्या तोट्या उघड्या, तिचा रोध बहुतेक दहा-वीस हजार. तुझ्या पिकअपचा स्वतःचाच सात-आठ हजार, मग उरतं काय? त्यातही वरचे सूर आधी मरतात, म्हणून गोधडी. कीबोर्ड तिथे नीट वाजतो कारण तो आतून पंप लावून पाणी सोडतो.

ह्यावर औषध आहे, डीआय बॉक्स. तळहाताएवढा असतो. बास त्यात, आणि त्यातून माइकच्या वायरने मिक्सरच्या माइकच्या सॉकेटमध्ये. पॅसिव्ह बाससाठी डीआय मात्र ॲक्टिव्ह घे, इथे तो शब्द तुझ्या फायद्याचा आहे. काय करणार, नावं ठेवणाऱ्याने आपल्याला विचारलं नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा धोबीतलावला चौकशी कर. साउंडवाल्याच्या पेटीत असतोही पुष्कळदा, फक्त मागावा लागतो. मागायला लाजू नकोस. ढोलकीवाला माइकची जागा बदलून मागतो तेव्हा कुणाला काही वाटतं का?

आता वायर काढ. ही? ही कुठली? कीबोर्डवाल्याची? पिनेकडे बघ, काळी कडी एक आहे की दोन? दोन. म्हणजे स्टिरिओ पिन. तुझ्या बासला एक कडीवाली मोनो लागते. स्टिरिओ पिन कधी चालते, कधी अर्धी चालते, कधी नुसती घूं करते, आणि स्टेजवर कधीतरी म्हणजे नेमकं सोलोच्या आधी. ह्या वायरचं वेटोळं कीबोर्डवाल्याला साभार परत. माझी घे ही. दुसरी एक घरी ठेव, कारण आवाज कमी झाला की पहिली चाचणी हीच, चांगली माहीत असलेली वायर लावायची. मग चांगला माहीत असलेला ॲम्प. मग त्याच ॲम्पवर कुणाचा तरी दुसरा बास. तीन अदलाबदली. पाच मिनिटांत कळतं की आजार कुणाच्या घरात आहे. आणि ॲम्पच्या मागे जी स्पीकरची वायर असते ती चुकूनही बासला लावू नकोस, दिसायला सारखी असली तरी तिच्यावर जाळीचं वेष्टण नसतं, ट्यूबलाइटची घरघरही आत घेते.

तुमच्या तालमीच्या खोलीतलं मला वेगळंच वाटतं. तिथे ॲम्प कुठला, तो गिटारचा पंधरा वॅटवाला? त्याच्याकडून काय अपेक्षा करतेस तू? तुझ्या जाड तारेचा सूर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांचा. एवढा खालचा सूर ऐकू यायला माणसाच्या कानाला मधल्या सुरांपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, कान घडलाच तसा आहे. आठ इंची स्पीकर तो सूर हलवूच शकत नाही, तुला ऐकू येते ती त्याच्यावरची खडखड. शिवाय त्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब. आपली खोली तीन-साडेतीन मीटरची. म्हणून तू ॲम्पला चिकटून उभी राहतेस तिथे बास गायब असतो आणि बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना छातीत धडधडतो. ॲम्प कोपऱ्यात सरकव, फुकटात फरक पडेल. आणि जमेल तेव्हा बासचाच ॲम्प घे.

बरं. आता तुझं वाद्य.

तारा ह्याच, घेतलास तेव्हाच्याच? मग त्या काशाच्या नाहीत ना बघू. नाही, निकेल आहेत, चालतील. विचारलं कारण मागे एका मुलाने अकूस्टिक बासच्या पिवळ्या तारा इलेक्ट्रिकवर चढवल्या आणि आवाज कुठे गेला म्हणून महिनाभर शोधत होता. कासं लोहचुंबकाला दिसतच नाही, आतली पोलादी नस तेवढी दिसते. तुझ्या तारा मेल्यायत, गंजल्यायत, पण त्याने चमक जाते, आवाज एवढा जात नाही.

शेवटच्या पडद्यावर जाड तार दाबून धर. आता तार आणि पिकअप ह्यांत फट किती? पट्टी लाव. पाच मिलिमीटर! तीनच्या आसपास हवी, बारीक तारेखाली अडीच. कडेचे हे स्क्रू ढिले केलेस की खालचा स्पंज पिकअपला वर ढकलतो. अर्धा अर्धा फेरा, मग वाजवून बघ. अगदी चिकटवू नकोस, चुंबक तार ओढतो आणि सूर डगमगायला लागतो. हे तुझं तू कर, मी बघते.

आता लाव माझ्या ॲम्पला. आता फक्त मानेकडचा पिकअप, मागचा नॉब पूर्ण बंद. वाजव. मस्त. आता मानेकडचा बंद, मागचा उघड. छान, जरा कोरडा, तसाच असतो तो. आता दोन्ही पूर्ण उघड.

ऐकलंस?

पुन्हा कर. एक, मग दुसरा, मग दोन्ही. दोन्ही उघडल्यावर आवाज भरायला हवा, तर तो उलट पातळ झाला, डब्यातून आल्यासारखा, खर्जच गेला. आणि वर घूं वाढली. काल तू घाबरून दोन्ही नॉब पूर्ण उघडलेस आणि तिथेच फसलीस. जेवढी मदत करायला गेलीस तेवढा आवाज पळाला. हा बास तू कुणाकडून घेतलास म्हणालीस, सेकंड हँड? मग आधीच्या मालकाने एक पिकअप बदललाय किंवा काढून घातलाय, आणि घालताना त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्यायत. आता दोन पिकअप एकमेकांविरुद्ध ओढतायत. लेझीमच्या ओळीत एक जण उलट्या पावलावर असला की कसं, तसं. खालच्या सुरांची लाट लांब, ती दोन्ही पिकअपना जवळजवळ सारखीच दिसते, म्हणून खालचं सगळं एकमेकांत खपून जातं. वरचे सूर थोडेफार वाचतात. खरं तर जॅझ बासमध्ये असे दोन पिकअप मुद्दाम एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणजे दोन्ही पूर्ण उघडले की तारांचा आवाज जुळतो आणि घूं मरते. तुझ्याकडे बरोबर उलटं चाललंय. वीस रुपयांच्या सोल्डरचं काम आहे. आणि तू बास विकणार होतीस.

खात्री करून घेऊ, अंदाजावर सोल्डर मारायचा नाही. तो ट्रंकवरचा मीटर दे, काट्याचा. बाबांचा आहे. आकडेवाला डिजिटल माझ्याकडे आहे, पण ह्या कामाला काटा बरा, तो डोळ्यांना उडी दाखवतो. आधी तू डिजिटलवर रोध बघून घे. वायरीच्या दुसऱ्या पिनेचं टोक आणि अंग ह्यांवर दोन काड्या. मानेकडचा एकटा किती? सात हजार चारशे. मागचा? सात हजार आठशे. दोन्ही उघडून साधारण निम्मं यायला हवं, तीन हजार आठशे, आलं. म्हणजे पिकअप जिवंत आहेत दोन्ही. आकडा दिसलाच नसता तर कुठेतरी तुटलंय, शून्याला टेकला असता तर कुठेतरी दोन वायरी चिकटल्यायत. हे एवढं मोजायला बास उघडावा पण लागत नाही, आणि माझ्या १९९६च्या रिपेअरवाल्याने एवढंही केलं नव्हतं.

आता काट्याचा. सगळ्यात लहान डीसी रेंजवर ठेवलाय. हा पेचकस मानेकडच्या पिकअपच्या लोखंडी टिकल्यांवर टेकव, आणि झटकन उचल. काटा कुठे गेला? उजवीकडे. पुन्हा. उजवीकडे. आता तो नॉब बंद, मागचा उघड, मागच्या पिकअपवर टेकव, उचल.

डावीकडे. बघितलंस ना?

बाबा असते तर ह्या क्षणी तंबाखू मळायला घेतली असती. रोग सापडला की ते दुरुस्तीला कधीच घाई करायचे नाहीत.

इस्त्री लाव त्या बोर्डाला. सोल्डरिंगची गं, कपड्यांची नव्हे! तापायला पाच मिनिटं लागतील. तोवर ही नॉबची पट्टी मी उघडते. तू आधी मोबाइलने आतला फोटो काढ. कुठलीही वायर काढायच्या आधी फोटो. हे बघ, तीन गोल डबे. पहिले दोन व्हॉल्यूमचे, तिसरा टोनचा, त्यावर ती चपटी लिमलेटची गोळी म्हणजे कपॅसिटर. डब्यांवर लाल पूड कसली? मिरची? अगं खरंच मिरची आहे! लालबागचा बास म्हणतात तो हा. नॉब फिरवताना खरखर येते ती ह्या धुळीने आणि आपल्या दमट हवेने. ह्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, नॉब वीसदा मागेपुढे. खोबरेल घालायचं नाही. शिलाई मशीनचं तेलही नाही. हसू नकोस, खोबरेल घातलेला बास मी स्वतः साफ केलाय.

आणि हा जॅक. ही पितळी जीभ बघ, पिनेच्या टोकाला टेकणारी. जरा पसरलीय, पण आहे. बोटाने हलकेच आत वाकव. आता पिन घाल, कट्ट असा आवाज आला पाहिजे. आला. बाहेरचा नट पाना लावून घट्ट कर, पण आतला जॅक दुसऱ्या हाताने धरून ठेव, नाहीतर माझ्यासारखं होईल.

इस्त्री तापेपर्यंत बोटांचं बोलू, कारण ते मी शेवटी ठेवलंय, सोडलेलं नाही. तुझी बोटं कमजोर आहेत असं मी म्हणणार नाही, आणि त्यांत काहीच खोट नाही असंही नाही. तू घाबरलीस की हात पुलाकडे, मागे मागे सरकतो. तिथे तार ताठ, खर्ज कमी. दोन पिकअपच्या मधोमध वाजव, तिथे तार मोकळी हलते. आणि ओरबाडू नकोस. जोरात ओढलेली तार पडद्यावर आपटते, ठोका मोठा येतो आणि सूर लगेच मरतो, लांब बसलेल्याला उलट कमी ऐकू येतं. कॅरल के माहितीये तुला? अमेरिकेतली स्टुडिओतली बाई. मुळात गिटार वाजवायची. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बासवाला आलाच नाही म्हणून तिच्या हातात बास दिला, आणि मग हजारो रेकॉर्डिंग्ज केली तिने. प्रिसिजनवर, तुझ्यासारख्याच बॅटरी नसलेल्या. तारांवर फेल्टचा तुकडा ठेवायची, सूर लांबू नये, नीट कळावा म्हणून. आपल्या मुंबईचीच मोहिनी डे बघ, १९९६चा जन्म तिचा, ज्या वर्षी मी इथे फोडांवर हळद लावत होते. रेहमानबरोबर वाजवलंय तिने. तिची बोटं बघ यूट्यूबवर, तारेला किती कमी त्रास देते ती. ॲम्प उघडा आणि हात हलका, असं वाजवायचं. तू हात जड ठेवून ॲम्पला मिंधी असल्यासारखी वागतेस.

आणि त्या गायकाला काही उत्तर द्यायचं नाही. पुढच्या हळदीला अर्धा तास आधी जा, स्वतःची वायर घेऊन. साउंडवाल्याला नाव विचार, चहा विचार, मग डीआय माग.

धूर यायला लागला बघ, तापली. मागच्या पिकअपच्या दोन वायरी कुठल्या? ही पांढरी व्हॉल्यूमवर गेलीय आणि काळी डब्याच्या पाठीवर. ह्यांची अदलाबदल. काळीपासून पिकअपच्या धातूला जोडलेली वेगळी तार आहे का बघते... नाही, साधं प्लॅस्टिकचं कव्हर आहे, बरं झालं. असती तर ती वेगळी काढून जमिनीलाच ठेवावी लागली असती. इस्त्री सांध्यावर दोन-तीन सेकंद, सोल्डर वितळलं की वायर काढायची. डब्याच्या पाठीवर जास्त वेळ टेकवून बसलीस तर आतली कार्बनची पट्टी भाजेल. पहिला डाग मी देते, दुसरा तू.

का नाही? हात कापतोय तर कापू दे, माझाही कापायचा. मोबाइलचा टॉर्च इकडे मार. जरा वर. आणि तोंड बाजूला घे, धूर नाकात नको जायला. आता शिंक आली तर ती मिरचीची, चालेल. वायर पकडीने धर. हां. आता लाव इस्त्री.